बीमटाइमचा अर्ज ते शेवटचा स्कॅन : इलेक्ट्रोडच्या आंतरपृष्ठाकडे क्ष-किरणांनी बघताना

सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून अतिशय प्रखर क्ष-किरण तयार करणाऱ्या यंत्रावर, पहिल्यांदा प्रयोग करायला निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. बीमटाइम म्हणजे तिथे प्रयोगासाठी मिळणारा वेळ. अर्ज करायचं ठरलं तेव्हा मला शोधनिबंध ढीगभर मिळाले, पण प्रत्येकात 'मापनं अमुक बीमलाइनवर घेतली' एवढं एकच वाक्य (बीमलाइन म्हणजे त्या यंत्रातून निघणाऱ्या एका किरणावरचं मापनाचं ठिकाण). त्या वाक्यामागे माझं वर्षाहून जास्त गेलं. कागद कोणते लागतात, सेल (इलेक्ट्रोड आणि द्रव ठेवायचं छोटं पात्र) कशी बनवायची, कुठे नुसती वाट बघावी लागते, रात्रीच्या शिफ्टला काय बिघडतं, हे विचारायला आमच्या विभागात कोणी नव्हतं. काम आता छापून आलंय आणि टिपणांची वही हाताशी आहे, म्हणून क्रमाने सांगते.

माझा विषय पाण्याच्या विद्युत अपघटनात ऑक्सिजन सोडणारा इलेक्ट्रोड, आणि तो जिथे द्रवाला टेकतो ती सीमा, म्हणजे आंतरपृष्ठ. अल्कधर्मी द्रावणात निकेल हायड्रॉक्साइडचा पातळ थर हे काम करतो, आणि त्यात थोडं लोह मिसळलं की कितीतरी चांगलं करतो. लोहाच्या अशुद्धीचा हा परिणाम कॉरिगन यांनी 1987 मध्ये दाखवला. लोह मुद्दाम घातलं नाही तरी बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून ते थरात शिरतं, हेही आता सगळ्यांना माहीत आहे. मला बघायचं होतं ते असं: ऑक्सिजन सुटत असताना, त्याच वेळी, निकेल आणि लोह कोणत्या अवस्थेत असतात?

2022 च्या उन्हाळ्यापर्यंत प्रयोगशाळेत करण्यासारखं सगळं करून झालं होतं. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत (विभव, म्हणजे इलेक्ट्रोडवरचा व्होल्टेज, वर-खाली फिरवून प्रवाह मोजायचा) निकेलच्या ऑक्सिडीकरणाचं शिखर स्वच्छ दिसायचं. पण इलेक्ट्रोड बाहेर काढून, धुऊन, वाळवून एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी उडवलेले इलेक्ट्रॉन मोजून पृष्ठभाग तपासणारं उपकरण) ठेवला की तो वेगळंच सांगायचा. विभव काढून घेतला की वरच्या अवस्थेतलं निकेल हळूहळू पुन्हा खाली उतरतं, द्रवाचा थर निघून जातो, निर्वातात पाणीही उडतं. आपण बघतो तो आंतरपृष्ठाचा अवशेष. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "चालू सेलमध्येच बघायला हवं. सिंक्रोट्रॉनला अर्ज टाक." एवढं बोलून त्या तासाला गेल्या आणि मी तो शब्द शोधत बसले.

तंत्र निवडण्यात माझे दोन महिने गेले. ते जाऊ द्यावेत असं माझं मत आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. प्रश्न एकच होता: कोणता किरण त्या झाकलेल्या थरापर्यंत पोचतो, आणि पोचल्यावर फक्त त्याच थराबद्दल बोलतो? या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. एक्सपीएसमध्ये बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन काही नॅनोमीटरच प्रवास करू शकतात, म्हणून ते पृष्ठभागाबद्दल सांगतात. पण त्याच कारणाने ते द्रवाच्या जाड थरातून बाहेर येत नाहीत. शिवाय उपकरणाला निर्वात हवा आणि 25 अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब 32 मिलिबारच्या आसपास असतो. पृष्ठभागावरून होणारं क्ष-किरण विवर्तन आंतरपृष्ठाची रचना फार सुंदर उलगडतं, पण त्याला एकस्फटिकी, आरशासारखा सपाट इलेक्ट्रोड लागतो. माझा थर विस्कळीत, जवळजवळ अस्फटिकी.

राहिलं क्ष-किरण शोषण वर्णपटमापन, म्हणजे एक्सएएस. निकेलची के-कडा, म्हणजे ज्या ऊर्जेपासून ते मूलद्रव्य एकदम जास्त किरण शोषू लागतं ती जागा, 8333 इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि लोहाची 7112 ला, त्यामुळे एकाच थरातली दोन मूलद्रव्यं वेगवेगळी विचारता येतात. कडेची जागा ऑक्सिडीकरणाची अवस्था सांगते आणि कडेपुढच्या लाटा शेजारच्या अणूंची अंतरं. थर स्फटिकी नसला तरी चालतं. एवढ्या ऊर्जेचे किरण पाण्यातून जातातही. 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला 1 मिलिमीटर पाण्यातून साधारण एक तृतीयांश पलीकडे निघतात. अडचण एकच, पण मोठी. हे तंत्र पृष्ठभाग ओळखत नाही. किरणाच्या वाटेत आलेला प्रत्येक निकेल अणू ते मोजतं, मग तो द्रवाला टेकलेला असो की खोल गाडलेला.

सप्टेंबरच्या मुदतीला पहिला प्रस्ताव पाठवला. बहुतेक मोठ्या केंद्रांत वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात. ग्रेनोबलचं ईएसआरएफ, हॅम्बुर्गचं पेट्रा-3, जपानचं स्प्रिंग-8, इंदूरचं इंडस-2 अशी केंद्रं जगभर आहेत आणि प्रत्येकाचं पोर्टल वेगळं. निकाल प्रकाशित करणार असाल तर बीमटाइमचे पैसे सहसा पडत नाहीत. खर्च येतो तो प्रवास, सेल, रसायनं, कुरिअर आणि विमा यांचा. काही केंद्रं प्रवासाला मदत करतात, पण ती कोणाला आणि किती जणांना मिळते याचे नियम आधीच वाचून ठेवा, नाहीतर विभागाकडून आगाऊ रकमेची मंजुरी घ्यायला वेळ उरत नाही.

प्रस्ताव म्हणजे दोन-तीन पानं वैज्ञानिक भूमिका, नमुन्यांची यादी, सुरक्षेची माहिती आणि किती शिफ्ट हव्यात त्याचं समर्थन. एक शिफ्ट आठ तासांची. समर्थन मिनिटांच्या हिशेबात लिहायचं असतं: एका स्कॅनला किती वेळ, किती विभव, किती नमुने, सेल बदलायला किती, सुरुवातीच्या जुळणीला किती. लिहिण्याआधी बीमलाइनच्या शास्त्रज्ञाला ईमेल करा. ते उत्तर देतात. त्यांच्या रोजच्या कामाचाच तो भाग असतो. मला आलेलं उत्तर प्रस्तावापेक्षा मोठं होतं: कोणता डिटेक्टर, किरणाचा ठिपका केवढा, हचमध्ये (किरण येतो त्या बंद खोलीत) द्रव पंप करायची सोय कुठे, पोटेन्शिओस्टॅट (विभव ठरवून देणारं यंत्र) तिथला मिळेल की आपला आणावा लागेल.

डिसेंबरमध्ये निकाल आला. नाकारला होता. समीक्षकांचा मुख्य शेरा एका ओळीचा: तुम्हाला दिसणारा सिग्नल आंतरपृष्ठातून आला आहे, हे कशावरून? त्या वेळी माझा थर काही दशक नॅनोमीटरचा होता. 50 नॅनोमीटरच्या भरीव थरातला वरचा एक नॅनोमीटर म्हणजे शंभरातले दोन भाग. उरलेले अठ्ठ्याण्णव भाग वर्णपट भरून टाकणार. शेरा वाचून आधी वाईट वाटलं, पण तो प्रश्न रास्त होता. पुढचं सगळं वर्ष मी त्या एका ओळीचं उत्तर तयार करत होते, असं आज वाटतं. तुमच्या प्रस्तावाला असा शेरा मिळाला तर तो जपून ठेवा.

तंत्र पृष्ठभाग ओळखत नसेल, तर नमुनाच असा हवा की त्यात पृष्ठभागाशिवाय फारसं काही नसावं. म्हणून जानेवारीपासून आम्ही थर पाच नॅनोमीटरच्या आसपास आणायच्या मागे लागलो. विद्युतनिक्षेपणाचा (विजेने थर चढवण्याचा) प्रवाह आणि वेळ कमी करायची, किती आवेश गेला त्यावरून जाडीचा अंदाज घ्यायचा, तो दुसऱ्या पद्धतीने पडताळायचा. पण थर पातळ झाला की सिग्नलही आटतो. पाच नॅनोमीटर निकेल हायड्रॉक्साइडमध्ये येणाऱ्या किरणांतला हजाराव्या भागापेक्षाही कमी भाग शोषला जातो. पलीकडे निघणाऱ्या किरणांतली एवढीशी घट मोजणं अशक्यच. म्हणून प्रतिदीप्ती मोजायची: निकेल किरण शोषून 7.48 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे स्वतःचे फोटॉन सोडतं, ते ऊर्जेनुसार वेगळे करणाऱ्या डिटेक्टरने टिपायचे. म्हणजे बाकीचा विखुरलेला उजेड बाजूला काढता येतो.

मग सेल. किरण द्रवाच्या बाजूने आत सोडला तर द्रवाचा थर अगदी पातळ ठेवावा लागतो. पातळ द्रवात रोध वाढतो, ठरवलेला विभव इलेक्ट्रोडपर्यंत पोचत नाही आणि बुडबुडे अडकून बसतात. त्याऐवजी किरण मागून आणता येतो. खिडकीलाच इलेक्ट्रोड करायचं: 25 मायक्रॉनच्या कॅप्टॉन (पॉलिइमाइड प्लास्टिक) फिल्मवर चिकटण्यासाठी टायटॅनियमचा नाममात्र थर, त्यावर काही नॅनोमीटर सोनं, सोन्यावर निकेलचा थर, आणि त्यापलीकडे हवा तेवढा खोल द्रव. किरण कॅप्टॉनमधून येतो, प्रतिदीप्ती त्याच वाटेने परत जाते, द्रव मध्ये येतच नाही. कॅप्टॉनमध्ये शंभरातले दोन-तीन फोटॉन शोषले जातात, तेवढं परवडतं. सोनं निवडण्यामागे कारण आहे. त्याची एल-3 कडा 11919 इलेक्ट्रॉनव्होल्टला, म्हणजे निकेल आणि लोहाच्या कडांच्या बरीच वर, त्यामुळे आपल्या मापनात ते गप्प राहतं. प्लॅटिनमची तीच कडा 11564 ला आहे, तेही चाललं असतं, पण प्लॅटिनम स्वतः अभिक्रियेत लुडबुड करतं.

कॅप्टॉनबद्दल एक सावधगिरी. पॉलिइमाइड तीव्र अल्कलीत हळूहळू विघटित होतं, आणि सोन्याच्या थरात सूक्ष्म छिद्रं असतातच. म्हणून आम्ही 0.1 मोलर द्रावणावर थांबलो आणि प्रत्येक नमुन्याला नवी खिडकी ठेवली. जास्त तीव्र द्रावणात काम करायचं असेल तर खिडकीचा पदार्थ बदलायचा विचार आधीच करा. सेलचा ठोकळा पीईईके प्लास्टिकचा, वर्कशॉपमधून कातून घेतलेला. द्रावण काचेत अजिबात ठेवायचं नाही, अल्कली काचेतून सिलिका आणि लोह दोन्ही ओढते. लोह नसलेला नमुना हवा असेल तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधलं लोह निकेल हायड्रॉक्साइडच्या साक्यावर शोषून काढावं लागतं. ते द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत, शक्यतो ताजं वापरायचं.

मार्च 2023 च्या मुदतीला दुसरा प्रस्ताव गेला. त्यात त्या एका ओळीला उत्तर म्हणून तीन गोष्टी मांडल्या होत्या: पाच नॅनोमीटरचा थर, तुलनेला जाड थर, आणि नव्या सेलमध्ये प्रयोगशाळेत घेतलेला व्होल्टॅमोग्राम, जो नेहमीच्या काचपात्रातल्यासारखाच होता. शेवटच्या गोष्टीचं वजन फार पडतं असं मला वाटतं. सेल चालते हे समीक्षकाला कागदावर दिसतं. जूनमध्ये मंजुरीचं पत्र आलं. मागितल्यापेक्षा कमी शिफ्ट, तारीख नोव्हेंबरची. शिफ्ट बहुधा कमीच मिळतात, म्हणून नमुन्यांची यादी पहिल्या दिवसापासून महत्त्वाच्या क्रमाने लावलेली असावी.

त्या पावसाळ्यात एक संधी आली, ती प्रत्येकाने शोधून घ्यावी असं मी सांगेन. ओळखीच्या एका गटाला दुसऱ्या केंद्रावर रात्रपाळीसाठी माणूस हवा होता. मी मदतनीस म्हणून गेले. तिथे जवळजवळ सामान्य दाबात चालणारं एक्सपीएस होतं. इलेक्ट्रोड द्रवात बुडवून हळूच वर ओढायचा, त्यावर काही दशक नॅनोमीटरची द्रवाची पापुद्री राहते, आणि काही हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांनी उडवलेले इलेक्ट्रॉन ती पापुद्री ओलांडून बाहेर येतात. ही पद्धत बर्कलीच्या ॲडव्हान्स्ड लाइट सोर्सवर विकसित झाली आणि 2015 च्या सुमाराला गाजली. पापुद्री खालच्या द्रवाशी जोडलेली आहे का, हा तिथला जीवनमरणाचा प्रश्न. तो तपासायची रीत मला फार आवडली. इलेक्ट्रोड आणि विश्लेषक दोन्ही भूसंपर्कात असतात, म्हणून विभव एक व्होल्टने बदलला की पाण्यातल्या ऑक्सिजनचं शिखर बरोबर एक इलेक्ट्रॉनव्होल्ट सरकायला हवं. सरकलं तर पापुद्री जोडलेली. नाही सरकलं तर तुम्ही सुटलेल्या थेंबाकडे बघत आहात आणि पुढची मापनं व्यर्थ. त्या पापुद्रीतून मोठा प्रवाह मात्र नेता येत नाही, तिचा रोध फार असतो. ऑक्सिजन जोरात सुटत असताना बघायचं तर माझी एक्सएएसची वाटच बरी, हे तिथे पक्कं झालं. परत येताना वहीत लिहिलं: माझ्या प्रयोगातही, विभव खरंच पोचतोय हे दाखवणारी अशी एक खूण हवी.

ऑगस्ट ते ऑक्टोबर कागदपत्रांत गेले. नमुना-घोषणापत्रात प्रत्येक रसायनाचं नाव, प्रमाण, धोका आणि सुरक्षा-पत्रक जोडायचं. सेलमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होणार, तर किती मिलिलिटर आणि तो बाहेर कसा जाणार हे लिहायचं. प्रवाहावरून फॅरडेच्या नियमाने हिशेब केला. उत्तर अगदी थोडं येतं, पण आकडा नसेल तर फॉर्म परत येतो. विकिरण-सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि त्यावरची चाचणी घरूनच करून ठेवा. व्हिसासाठी केंद्राचं निमंत्रणपत्र लागतं, आणि ते सुरक्षा-मंजुरीनंतरच निघतं. म्हणजे घोषणापत्र उशिरा भरलं की व्हिसाही मागे पडतो. हा धागा मला आधी कोणी सांगितला असता तर सप्टेंबरची धाकधूक वाचली असती.

काय न्यायचं आणि काय नाही, हाही मोठा विषय. पोटॅशियम हायड्रॉक्साइड धोकादायक मालात मोडतं, घन असेल तर यूएन 1813 आणि द्रावण असेल तर 1814. ते सामानात नेता येत नाही. तिथेच मागवा आणि शुद्धतेची प्रत ईमेलमध्ये स्पष्ट लिहा. अल्कलीत संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत विभव मोजतात तो) म्हणून आम्ही मर्क्युरी-मर्क्युरी ऑक्साइड वापरतो. पाऱ्यामुळे तोही विमानात चालत नाही. बीमलाइनच्या रसायन-खोलीत एक होता, तो पोचल्या पोचल्या आमच्या पद्धतीने तपासून घ्यायचं ठरलं. सेल मात्र मी हातातल्या सामानात नेली, सोबत केंद्राचं पत्र आणि सेलचं रेखाचित्र. तपासणीवर काळा ठोकळा, तारा आणि नळ्या दिसल्या की प्रश्न विचारतातच. कागद दाखवला, दोन मिनिटांत सुटले. खिडक्या वेगळ्या डबीत, ओ-रिंग दुप्पट, आणि प्रत्येक स्क्रूला जोडीदार.

नोव्हेंबरमध्ये आम्ही तिघं पोचलो, एक दिवस आधी. तो आधीचा दिवस सोडू नका. रसायन-खोलीत सेल भरली, गळती बघितली, संदर्भ इलेक्ट्रोड तपासला, किरणांची मात्रा मोजणारे डोसिमीटर बॅज घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आधीच्या गटाचं सामान निघेपर्यंत दारात उभे होतो. पोटात गोळा आला होता. एवढ्या महिन्यांची तयारी आणि आता घड्याळ सुरू होणार.

पहिली शिफ्ट जुळणीतच गेली. निकेलच्या पातळ पत्र्याने मोनोक्रोमेटरची (किरणातली हवी ती ऊर्जा निवडणाऱ्या भागाची) ऊर्जा 8333 ला बसवली. नंतर प्रत्येक स्कॅनबरोबर तो पत्रा मोजता येईल अशी व्यवस्था करता आली तर उत्तम, कारण आपण शोधतोय ती सरक दीड-दोन इलेक्ट्रॉनव्होल्टची आणि ऊर्जेचं शून्य तेवढ्यात थोडं हललं तरी निष्कर्ष बदलतो. मागून किरण येत असल्यामुळे द्रव मध्ये नव्हता, पण पलीकडच्या बाजूला निघालेली प्रतिदीप्ती खोल द्रवातच अडकते, म्हणून डिटेक्टर किरण येतो त्याच बाजूला, तिरका लावावा लागला. हच बंद करण्याआधी आत फिरून ठरलेल्या क्रमाने बटणं दाबायची, आत कोणी नाही याची खात्री करायची, मग भोंगा वाजतो आणि दार कुलूपबंद होतं. सेलखाली ट्रे आणि तिच्यावर कॅमेरा लावा. गळती बाहेर बसून दिसायला हवी, कारण दर वेळी हच उघडून पुन्हा बंद करण्यात मिनिटं जातात आणि मिनिटं मोजकी असतात.

संध्याकाळी प्रवाहात विचित्र गोंगाट दिसायला लागला. प्रयोगशाळेत तो कधीच नव्हता. बीमलाइनच्या शास्त्रज्ञाने येऊन एकच प्रश्न विचारला: सेल धातूच्या मंचावर थेट बसवली आहे का? मंच भूसंपर्कात, पोटेन्शिओस्टॅटही भूसंपर्कात, त्यामुळे दोन्हींमधून प्रवाह फिरायचं वेटोळं तयार झालं होतं. सेलखाली प्लास्टिकची पाटी सरकवली, पोटेन्शिओस्टॅट फ्लोटिंग मोडवर टाकला आणि तो सेलजवळ हचच्या आतच ठेवून तारा आखूड केल्या. गोंगाट गेला. तुमच्या पोटेन्शिओस्टॅटला ही सोय आहे का, हे निघण्याआधीच पाहून घ्या.

रात्री खरा प्रश्न घेतला: किरण स्वतःच काही बदल करतो का? सिंक्रोट्रॉनचा एकवटलेला किरण पाण्यातून जाताना हायड्रॉक्सिल मूलकं, द्रवात विरघळलेले मोकळे इलेक्ट्रॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड असं बरंच काही तयार करतो. त्यांनी धातूची अवस्था बदलली तर आपण विभवाचा परिणाम म्हणून किरणाचाच परिणाम छापून मोकळे होऊ. म्हणून मुक्त विभवावर (बाहेरून विभव न लावता) एकाच जागी लागोपाठ छोटे स्कॅन घेतले आणि कडा सरकते का बघितलं. सरकत होती, थोडी, पण नक्की. मग वाटेत ॲल्युमिनियमचे फिल्टर घालून तीव्रता दहापट कमी केली, ताज्या जागेवर गेलो, तोच खेळ पुन्हा. आता सगळे वर्णपट एकमेकांवर बसले. त्यापुढे सगळं काम कमी तीव्रतेवर, प्रत्येक विभवासाठी ताजी जागा, आणि स्कॅन चालू नसताना शटर बंद. सिग्नल कमी झाला, वेळ जास्त लागला, यादीतले खालचे दोन नमुने गळाले. तरी त्या रात्रीच्या तासांइतकं मोलाचं काम सगळ्या बीमटाइममध्ये दुसरं झालं नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

दुसऱ्या दिवशी विभव पायरीपायरीने चढवला. आरएचई (हायड्रोजन इलेक्ट्रोडला शून्य धरणाऱ्या) मोजपट्टीवर 1.2 व्होल्टला निकेल दोन-धन अवस्थेत. 1.4 च्या पुढे कडा उजवीकडे निघाली आणि 1.5 पर्यंत दीड इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सरकून स्थिरावली. पडद्यावर रेघ सरकताना बघून आम्ही तिघंही उभे राहिलो होतो. मग माझी खूण तपासली: विभव परत 1.2 ला आणला. कडा मागे आली, बरोबर पहिल्या जागी. म्हणजे किरणाच्या ठिपक्याखालचा थर विभवाला जोडलेला होता आणि बदल विभवामुळेच होता.

ऑक्सिजन सुटू लागल्यावर मात्र बुडबुड्यांनी छळलं. बुडबुडा ठिपक्याच्या जागी चिकटला की तिथला थर द्रवापासून तुटतो, प्रवाह घसरतो आणि वर्णपटात पायरी दिसते. सेल थोडी उभी तिरकी केली, पंपाचा वेग वाढवला, आणि प्रवाहाचा आलेख वर्णपटाच्या शेजारीच उघडा ठेवला. पायरी आलेला स्कॅन लगेच वहीत खूण करून ठेवायचा, नंतर आठवत नाही. मध्येच एकदा साठवण-कड्यातला, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरतात त्या रिंगणातला, बीम गेला. दुरुस्ती होईपर्यंत काही तास हातावर हात. हे सगळीकडे होतं, वेळापत्रकात त्यासाठी जागा ठेवा. आम्ही त्या वेळात आधीच्या स्कॅनांची सरासरी काढली आणि लोहाच्या मापनाचा क्रम नव्याने ठरवला.

लोहाच्या कडेला एक सोय मिळते: 7112 जवळची ऊर्जा निकेलच्या कडेपेक्षा कमी, त्यामुळे निकेल प्रतिदीप्त होत नाही आणि पार्श्वभूमी स्वच्छ असते. तरी लोहाचं प्रमाण कमी असल्याने एकेक चांगला वर्णपट मिळवायला अनेक स्कॅनांची सरासरी लागली. शेवटची शिफ्ट जाड थराला दिली. मन होत नव्हतं, वाटत होतं पातळ थरावरच आणखी मोजावं. पण समीक्षकांच्या त्या ओळीचं उत्तर या तुलनेतच होतं.

निघताना डेटाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या माणसांच्या पिशवीत. वहीची पानं स्कॅन करून. वापरलेलं द्रावण कुठे टाकायचं ते आधीच विचारून ठेवा, शेवटच्या तासात सगळे थकलेले असतात.

विश्लेषणाला हिवाळा आणि पुढचा काही काळ लागला. आम्ही 'अथेना' आणि तिच्या भावंडांचा सॉफ्टवेअर-संच वापरला, तो मोफत आहे. सामान्यीकरण एकाच पद्धतीने, सगळ्या स्कॅनांना सारखं करायचं, नाहीतर कडेची सरक हाताने घडवल्यासारखी होते. पातळ थरात निकेल-ऑक्सिजन अंतर 2.05 अँगस्ट्रॉमवरून 1.88 च्या आसपास आलं, साहित्यात आधी नोंदलेल्या आकड्यांशी जुळणारं. निकेल वर गेल्यावर लोह-ऑक्सिजन अंतरही आखडलं. लोहाच्या अवस्थेला चार-धन म्हणावं का यावर या क्षेत्रात मतभेद आहेत, आणि आमच्या कडेतली सरक एवढी छोटी होती की त्यावर आम्ही निवाडा दिला नाही. जाड थरात तेच विभव असूनही सरक अर्धवट राहिली. आमच्या थरापुरतं सांगायचं तर आतला भाग मागे राहतो आणि सरासरीत मिसळतो. फक्त जाड थर मोजला असता तर त्या मधल्या आकड्याला आम्ही आंतरपृष्ठाची अवस्था समजलो असतो.

प्रयोगाचा अहवाल केंद्राला मुदतीत द्यावा लागतो. तो राहिला तर पुढच्या प्रस्तावावर परिणाम होतो. निबंधात बीमलाइन आणि प्रस्ताव-क्रमांक लिहायचा, आणि तिथल्या शास्त्रज्ञाचं योगदान खरोखर असेल तर सहलेखक म्हणून विचारायचं. आमच्या बाबतीत ते होतं.

2024 मध्ये निबंध पाठवला तेव्हा नियतकालिकाच्या एका समीक्षकाने किरणाच्या मात्रेबद्दल विचारलं: तीव्रता किती, ठिपका केवढा, एका जागी किती वेळ, आणि नुकसान नाही याचा पुरावा काय. चारही गोष्टी पहिल्या रात्रीच्या पानांवर वेळेसकट लिहिलेल्या होत्या. फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय घेतलेले वर्णपट एका आकृतीत टाकून पुरवणीत जोडले, आणि पुढच्या फेरीत निबंध स्वीकारला गेला. आता एक्सपीएसच्या त्या बुडवून-ओढायच्या पद्धतीसाठी याच थरांचा नवा प्रस्ताव तयार करतो आहोत. ऑक्सिजन सुटायच्या आधीच्या विभवांपुरता, कारण तिथे प्रवाह नगण्य असतो आणि पापुद्री जोडलेली राहू शकते. मसुदा मार्चच्या मुदतीआधी बीमलाइनच्या शास्त्रज्ञाकडे जाईल.